मुंबई ते टोकियो: विमानाचं अंतर, लागणारा वेळ आणि तिकिटावरची घड्याळं, सगळा हिशोब पायरीपायरीने

पुण्या-मुंबईतून टोकियोला जाणारी माणसं आता खूप झालीत, कुणी आयटीच्या कामाला, कुणी शिकायला, कुणाचे आई-बाबा नातवंडांना भेटायला. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास तर भारतीयांची एवढी वस्ती आहे की २०१९ मध्ये तिथल्या वॉर्ड असेंब्लीवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. पण प्रवास ठरवताना बहुतेक जण मोबाईलवर "मुंबई टोकियो डिस्टन्स" टाकतात, काहीतरी पावणेसात हजार किलोमीटर आणि आठ तास असा आकडा येतो, आणि त्यावर सगळं प्लॅनिंग उभं करतात. मग जाताना आठ तास लागले, येताना साडेनऊ-दहा का लागतात, रात्री निघालो तर हॉटेल कुठल्या तारखेचं बुक करायचं, सिंगापूरवरून स्वस्त तिकीट मिळतंय ते घ्यावं का, असे प्रश्न एकेक करून समोर येतात. त्या एका आकड्यात या कशाचंच उत्तर नसतं. म्हणून हा हिशोब स्वतः कसा करायचा ते मी इथे सविस्तर लिहितोय. एकदा कळला की दुसऱ्या कुठल्याही दोन शहरांसाठी तुम्हाला तो करता येईल.

पहिली पायरी: शहर नाही, विमानतळ पकडा

टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत. नरिता शहराच्या पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटर लांब आहे, आणि हानेदा शहराच्या मध्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर. विमानाच्या अंतरात दोघांत फक्त पन्नासेक किलोमीटरचा फरक पडतो, म्हणजे आकाशात तीन-चार मिनिटं. जमिनीवर मात्र तो फरक तासाभराचा होऊ शकतो. मुंबईहून थेट विमान ऑल निप्पॉन एअरवेजचं आहे आणि ते नरिताला उतरतं, दिल्लीहून निघणारी बहुतेक थेट विमानं हानेदाला जातात. वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षी मित्र कुठल्या विमानाने गेला होता त्यावर जाऊ नका, आपल्या तारखेचं बघा.

आणि आता आपल्या बाजूलाही बघावं लागतं बरं का. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्यामुळे दिल्लीवरून जाणार असाल तर मुंबई-दिल्ली विमान नक्की कुठून सुटतंय ते तिकिटावरच्या तीन अक्षरी कोडवरून वाचा. बीओएम म्हणजे अंधेरी-सांताक्रूझचा आपला जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा.

दुसरी पायरी: सरळ अंतर काढा

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता नव्हे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर आणि टोकियोवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणा, दोरा आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. सपाट नकाशावरची रेघ त्रिपुराच्या आसपास भारताबाहेर पडते. दोरा मात्र नागपूरच्या थोडा उत्तरेकडून, गयेजवळून, अरुणाचलच्या डोंगरांवरून, चीनमधल्या चेंगडूच्या उत्तरेकडून, मग पिवळा समुद्र आणि दक्षिण कोरिया ओलांडून जपानात शिरतो. मुलं असतील घरात तर हे त्यांना नक्की करून दाखवा, भूगोलाच्या पुस्तकातल्या चार पानांपेक्षा जास्त समजतं.

आकडा काढायचा तर मोबाईलवरचं सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतं, कोन अंशांवर ठेवायचा. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश, ७२.८७ पूर्व रेखांश. नरिता ३५.७७ उत्तर, १४०.३९ पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो ०.१९१ येतो. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या, म्हणजे ६७.५२ अंशांच्या, कोसाइनने गुणा, ते येतं ०.२९३. दोघांची बेरीज ०.४८४. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) घेतला की साधारण ६१ अंश मिळतात. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून ६१ गुणिले १११.२, जवळपास ६,७८० किलोमीटर. वैमानिक ज्या नॉटिकल मैलांत बोलतात त्यात हवं असेल तर आणखी सोपं, एक अंश म्हणजे साठ नॉटिकल मैल, म्हणजे ३,६६०. वेगवेगळ्या वेबसाईटवर आकड्यात दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे दिसतील, कारण पृथ्वी अगदी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आणि काहीजण विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरतात. त्यात अडकून पडू नका.

तिसरी पायरी: विमान खरं कुठून जातं ते बघा

आता तो दोरा जिथून गेला तिथून प्रवासी विमान सहसा जात नाही, आणि याचं कारण प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हवं असं मला वाटतं. अरुणाचलच्या पुढे तिबेटचं पठार आणि त्याच्या पूर्वेच्या रांगा लागतात, पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या वर. विमान दहा-अकरा किलोमीटरवरून उडतं, मग अडचण काय, असं वाटेल. अडचण येते ती आणीबाणीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान पटकन साधारण दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर आणावं लागतं, जिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बऱ्याच विमानांत पंधरा-वीस मिनिटांच्या हिशोबाने असतो. खाली जमीनच साडेचार किलोमीटर उंच असेल तर उतरणार कुठे? एक इंजिन बंद पडलं तरी तसंच, विमान एका इंजिनावर उडतं पण तेवढ्या उंचीवर टिकत नाही, हळूहळू खाली येतं. म्हणून भारतातून जपानला जाणारी विमानं साधारणपणे बंगाल-बांगलादेशवरून म्यानमार आणि मग चीनमधल्या कुनमिंगच्या बाजूने पुढे जातात, आणि उंच डोंगर डावीकडे सोडून देतात.

या वळशाने किती वाढतं? अंतर आपण तुकड्यांत मोजू. मुंबई ते कोलकाता सुमारे १,६६५, कोलकाता ते कुनमिंग १,४९५, कुनमिंग ते शांघाय १,९६५, शांघाय ते नरिता १,८००. बेरीज जवळपास ६,९२५. म्हणजे एवढा मोठा वळसा दिसतो तरी वाढ फक्त दीडशेच्या आत! गोलावर मार्ग थोडा बाजूला सरकला तर एकूण लांबी फार वाढत नाही, हे मला फार आवडतं. त्यात मुंबईहून उठताना घ्यावी लागणारी वळणं, हवाई मार्गांचे कोपरे, वादळ टाळायला केलेले फेरे आणि नरिताला उतरताना लागणारी रांग हे मिळवलं की ७,१०० किलोमीटर धरायला हरकत नाही. इतर मार्गांसाठीही सरळ अंतरात चार-पाच टक्के मिळवायचे, मध्ये एखाद्या देशाचं आकाश बंद नसेल तर अंदाज बरोबर येतो.

चौथी पायरी: अंतराचे तास करा

इतक्या लांबच्या मार्गावरची मोठी विमानं, बोइंग ७८७ वगैरे, आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवर हवा इतकी थंड असते की आवाजाचा वेगच तासाला साधारण १,०६० किलोमीटर असतो, म्हणून विमानाचा वेग जवळजवळ ९००. वारा नसेल तर ७,१०० भागिले ९००, म्हणजे ७ तास ५३ मिनिटं. यात आणखी चाळीसेक मिनिटं घाला, कारण विमान गेटवरून मागे सरकलं की लगेच उडत नाही, मुंबईला रनवेच्या रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो, आणि उतरल्यावर गेटपर्यंत परत चालत जायचं असतं.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो हाच, गेट ते गेट. शिवाय एअरलाइन त्यात थोडा जादा वेळ धरून ठेवते म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान वेळेवर पोचलं असं दिसतं. म्हणून कधीकधी अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेत पोचतं, त्यात वैमानिकाने काही धोकादायक वेग वगैरे वाढवलेला नसतो.

पाचवी पायरी: वारा, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची

जाताना कमी आणि येताना जास्त वेळ लागतो याचं कारण पृथ्वी फिरते म्हणून असं खूप जण सांगतात. ते खरं नाही, पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते. खरं कारण आहे जेट स्ट्रीम, म्हणजे वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा. आणि जगात हा पट्टा जिथे सगळ्यात जोरकस होतो त्यातलं एक ठिकाण म्हणजे नेमकं जपान. हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तोही जपानमध्येच, टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानतज्ज्ञांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून. त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, जगाला वाचता यावा म्हणून, आणि जगाने तो फारसा वाचलाच नाही! मला या माणसाबद्दल खूप आदर वाटतो, आज लाखो प्रवाशांच्या वेळापत्रकात त्यांनी मोजलेला वारा बसलाय.

नदीत पोहताना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जो फरक पडतो तसंच इथे. समजा पूर्ण मार्गावर सरासरी तासाला १०० किलोमीटरचा वारा आहे. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग झाला १,०००, म्हणून ७,१०० ला ७ तास ६ मिनिटं, अधिक चाळीस, म्हणजे पावणेआठ तास. येताना वेग ८००, म्हणून ८ तास ५२ मिनिटं, अधिक चाळीस, म्हणजे साडेनऊ. एकाच मार्गावर पावणेदोन तासांचा फरक! हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, जेट स्ट्रीम दक्षिणेला सरकतो आणि हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे जवळपास आपल्याच मार्गावरून वाहतो, जपानवर तर कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. सरासरी १५० धरली तर जाताना साडेसात तासांच्या आत पोचाल आणि येताना दहा तासांच्या वर जाल. पावसाळ्यात हा पट्टा तिबेटच्या उत्तरेला निघून जातो, मग दोन्ही बाजूंचा फरक कमी होतो, पण तेव्हा बंगालच्या उपसागराकडचे ढगांचे डोंगर चुकवत जावं लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जाताना वाचलेला वेळ आणि येताना वाढलेला वेळ एकमेकांना फिटत नाहीत, येतानाची वाढ नेहमी जास्त असते, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून लहान मूल किंवा गुडघ्याचा त्रास असलेले आई-बाबा बरोबर असतील तर परतीच्या प्रवासाची तयारी जास्त करा. पुढे पाय पसरायला जागा असलेली सीट जादा पैसे देऊन घ्यायची असेल तर ती येतानाची घ्या, जातानाची नाही.

सहावी पायरी: घड्याळ आणि तारीख

भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे, जपानचं १३५ अंशांवर, तिथल्या आकाशी गावावरून जाणाऱ्या रेषेवर. फरक ५२.५ अंश, पंधरा अंशांना एक तास, म्हणून साडेतीन तास, जपान पुढे. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच.

तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या शहराची. समजा रात्री ८ ला मुंबईहून निघालात आणि प्रवास ८ तासांचा आहे. आधी भारतीय वेळेत पोचायची वेळ काढा, पहाटे ४. मग साडेतीन तास मिळवा, सकाळी ७:३०, तारीख दुसऱ्या दिवसाची. तिकिटावर वेळेच्या बाजूला जो छोटा +१ असतो तो याच्यासाठी. हॉटेल त्या +१ च्या तारखेपासून बुक करायचं, निघायच्या तारखेपासून नाही, नाहीतर एका रात्रीचे पैसे फुकट जातात. आणि सकाळी साडेसातला उतरलात तरी खोली सहसा दुपारी तीनच्या सुमाराला मिळते, त्याआधी बॅगा ठेवून घ्यायला सांगता येतं.

येताना उलटं. नरिताहून सकाळी ११ ला निघालात तर तेव्हा भारतात ७:३० झालेले असतात, त्यात साडेनऊ तास मिळवा, संध्याकाळी ५, तारीख तीच. तिकिटावर ११ ते ५ दिसतं म्हणून सहा तासांचा प्रवास समजून घरी सांगू नका. तिकिटावरून खरा वेळ काढायचा सोपा नियम असा की जाताना दिसतो त्यातून साडेतीन तास वजा करा, येताना साडेतीन तास मिळवा.

विमानं मुंबईहून संध्याकाळी-रात्रीच का सुटतात तेही यातच आहे. नरिताच्या आसपास वस्ती आणि शेती आहे, तिथे मध्यरात्रीनंतर पहाटे ६ पर्यंत विमानांना बंदी असते. त्यामुळे सकाळी सहानंतरच पोचेल अशी वेळ इथून धरावी लागते.

सातवी पायरी: मध्ये थांबायचं असेल तर

थेट तिकीट महाग वाटलं की माणूस वन-स्टॉप बघतो, आणि इथे दुसऱ्या पायरीचा हिशोब खूप कामाला येतो. कुठल्या शहरावरून गेलं तर किती अंतर वाढतं बघा. दिल्लीवरून साधारण ७,०००, म्हणजे थेटपेक्षा थोडंच जास्त. हाँगकाँगवरून ७,२४०. बँकॉकवरून ७,६८०. सिंगापूरवरून ९,२७०, म्हणजे अडीच हजार किलोमीटर जादा, तीन तास नुसते हवेत. दुबईवरून तर ९,९००, आधी उलट्या दिशेला जायचं आणि मग मुंबईच्या रेखांशावरून परत पुढे. तिकीट खूपच स्वस्त असेल किंवा सिंगापूरला दोन दिवस राहायचंच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर माझं सरळ मत आहे की दिल्ली, हाँगकाँग, बँकॉक याच क्रमाने बघावं.

मधला थांबा दीड तासापेक्षा कमी असेल तर घेऊ नका, एअरलाइन विकत असली तरीही. अडीच ते चार तास उत्तम. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करायची जबाबदारी त्यांची राहते. वेगवेगळी दोन तिकिटं काढून पैसे वाचतात, पण मग बॅग मधेच घ्यावी लागू शकते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, हे बुकिंगच्या आधी तपासा. दिल्लीवरून परत येताना इमिग्रेशन दिल्लीलाच होतं, बहुतेक वेळा बॅगही तिथेच काढून परत द्यावी लागते, त्यामुळे तिथे तीन तास तरी ठेवा.

आठवी पायरी: दारापासून दारापर्यंत

आता खरा प्रवास. समजा कोथरूडहून निघून निशी-कासाईला पोचायचंय आणि विमान रात्री ८ चं आहे. विमानतळावर ५ ला पोचायचं, पुणे ते मुंबई विमानतळ चार तास, आणि घाट, पनवेल, पाऊस, शुक्रवारची गर्दी यासाठी एक तास वेगळा, म्हणजे घरून दुपारी १२ ला निघा. नरिताला ७:३० ला उतरलात की इमिग्रेशन, बॅग, कस्टम मिळून एक ते दीड तास. व्हिजिट जपान वेब नावाच्या त्यांच्या सरकारी साईटवर आधीच माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा, कागद भरत बसायचं वाचतं. मग ट्रेन. उएनोकडे जायचं असेल तर स्कायलायनर, पाऊण तासाच्या आत पोचवते, टोकियो स्टेशनला नरिता एक्स्प्रेस, त्याला तासभर. निशी-कासाई तोझाई लाईनवर आहे, गाडी बदलून, बॅगा ओढत, दीड तास धरा. म्हणजे साडेदहाला दारात, भारतात तेव्हा सकाळचे ७. एकूण १९ तास, त्यातले विमानाचे फक्त ८!

परतीचा हिशोबही असाच मांडा. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, ११ चं विमान, मुंबईत संध्याकाळी ५, बाहेर पडेपर्यंत सहा-साडेसहा, आणि मग नेमका ऑफिस सुटायच्या वेळेचा ट्रॅफिक. पुण्यात रात्री साडेदहा-अकरा. साडेएकोणीस-वीस तास होतात, आणि ते सगळे एकाच तारखेत, म्हणून अंगावर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला हजर राहतो असं कुणाला कबूल करू नका. वयस्कर माणसं असतील तर ती रात्र मुंबईतच नातेवाइकांकडे काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

शेवटी एक छोटं काम. निघायच्या आदल्या आठवड्यात कुठल्याही फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर आपला फ्लाइट नंबर टाकून मागच्या सात दिवसांत तो खरंच किती वाजता सुटला आणि किती वाजता पोचला ते बघा, तिथे मार्गाची रेघही दिसते. आणि निघायच्या दिवशी नरिताहून मुंबईला येणारं विमान बघा, बऱ्याचदा तेच विमान तुम्हाला घेऊन परत जाणार असतं. ते तिकडून दोन तास उशिरा सुटलं असेल तर तुम्हाला सकाळीच कळतं, एअरलाइनचा मेसेज यायच्या कितीतरी आधी. तरीही घरून ठरलेल्या वेळीच निघा, कारण काउंटर बंद व्हायची वेळ त्यांनी अधिकृतपणे बदललेली नसते.